झिजलेले केस

बाटलीत जपलेल्या मादी कोळ्याच्या पोटावरचे काळे केस मधोमध झिजले होते आणि खालची फिकट कातडी उघडी पडली होती. त्या फिकट पट्ट्यावरूनच तेल्लेर्वोबाईंनी कोळ्याची ही नवी प्रजाती ठरवली होती. त्यांची शिष्या इल्ता हिने दोन वर्षांपूर्वी कोळ्याची प्रजाती जिच्यावरून नक्की ओळखतात ती जननांगाची रचना ताडून पाहिली. युरोपभर दगडांखाली सापडणारी नेहमीच्याच प्रजातीची मादी होती ती, फक्त म्हातारी झालेली. इल्ता कुणाला काही बोलली नाही.

आज फिनलंडमधल्या तुर्कूच्या संग्रहालयात कॉफीच्या वेळी त्या नव्या प्रजातीच्या वाढदिवसाचा केक आला. दरवर्षीसारखा बाईंनीच भाजलेला, वर चॉकलेटचे आठ पाय.

"पहिला तुकडा इल्ताला. गेल्या वर्षी दोन हाणले हिने!" बाई म्हणाल्या.

सगळे हसले. इल्ताचे कान तापले. ते दोन्ही तुकडे तिने सगळं माहीत असताना खाल्ले होते.

"घे ना गं. लाजतेस काय?"

"नको, बाई," तिने बशी खाली ठेवली. "तुमची प्रजाती वेगळी नाही. ते नाव रद्द करायचा लेख मी आज पाठवणार आहे."