वळणावर घसरणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नव्हे, गरम पातेल्यांशी माझी ओळख नाही. माझं अंग म्हणजे माणसाच्या उंचीची बारीक तार आणि टोकाला मोहरीएवढ्या दोन वाट्या. एका कारागिराने भिंगाखाली त्यांना धार लावली. दुर्बिणीच्या नळीतून मी अन्ननलिकेत उतरतो आणि अस्तराचा कणभर तुकडा तपासणीसाठी तोडून आणतो. लोकांना चिमटे काढून मान मिळवणारे माझ्यासारखे थोडेच.

आत एक गुलाबी बोगदा असतो. दिव्याच्या उजेडात त्याच्या भिंती झोपेत श्वास घेतल्यासारख्या हलतात. वर्षानुवर्षं पोटातलं आम्ल वर आलं की फिकट अस्तराची लालसर मखमल होते. त्या मखमलीत कुठेतरी पेशी बिघडू लागतात, कर्करोगाच्या पुष्कळ आधी, अगदी गुपचूप. ती जागा मी शोधायची. रीत ठरलेली: दर दोन सेंटिमीटरवर चारी बाजूंना एकेक चिमटा. मधलं सारं देवाच्या भरवशावर.

आमच्याकडे एक शिंपीकाका नेमाने येत. जळजळ वीस वर्षांची, गोळी कायम खिशात. त्यांच्या पोटाजवळच्या वळणावर एक घडी होती. तिथे मी घसरायचो. डॉक्टरीणबाई दोनदा प्रयत्न करत आणि "राहू दे" म्हणून पुढे सरकत. दर वेळी अहवाल स्वच्छ येई. सगळे माझी पाठ थोपटत. मीही थोपटून घेई.

मग ब्रश आला. ताठ केसांचा, सडपातळ. तो अस्तरभर घासत जातो आणि पेशी गोळा करतो. बाईंनी ठरवलं, काही महिने प्रत्येक रुग्णात आम्हा दोघांनाही उतरवायचं आणि कोणाला काय सापडतं ते बघायचं. नव्या जावयाचं कौतुक ऐकणाऱ्या थोरल्या जावयासारखा मी ट्रेमध्ये पडून राहिलो.

"माझ्यासाठी दोन-दोन अवजारं?" काका म्हणाले.

"बाबा, गप्प पडा बघू," त्यांची लेक म्हणाली.

"अगं, बरोबर आहे त्यांचं. चार ठिकाणी कात्री लावून अख्खा तागा बिनडागी ठरतो का? तळहात फिरवावा लागतो."

बाई हसल्या. मी नाही.

आठवड्याने अहवाल आले. माझे तुकडे निर्दोष. ब्रशच्या पेशी बिघडलेल्या.

"म्हणजे कॅन्सर?" लेकीचा आवाज चिरकला.

"नाही, त्याच्या आधीची पायरी. पण नेमकी जागा ब्रश सांगत नाही." बाई जुने फोटो बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वळणावरची घडी मी दर वेळी सोडली, काका. चिमटा घसरतो म्हणून."

"मग आता कात्री लावा," काका म्हणाले. "डाग कुठे ते कळायला नको?"

मी पुन्हा उतरलो. या वेळी बाईंना घाई नव्हती. त्यांनी दुर्बिणीतून आतली हवा ओढून घेतली, तशी ती घडी पेंगल्यासारखी माझ्याकडे झुकली. मी वाट्या मिटून तुकडा तोडला. अहवाल आला, बिघाड तिथेच होता. पुढे तेवढी जागा काढून टाकली, आणि काका शिवणयंत्रावर परतले.

आता माझी धार गेली आहे. परवा काका तपासणीला आले, तेव्हा कपाटात मला पाहून म्हणाले, "द्या इकडे, कात्रीबरोबर यालाही धार लावून आणतो."

मित्रांनो, घरात कोणाच्या छातीत वर्षानुवर्षं जळत असेल, तर खिशातल्या गोळीवर निभावू देऊ नका. आणि तुमच्या कामाला कोणी स्वच्छ म्हणालं, तर सोडून दिलेली एखादी घडी आठवून बघा. मला अजून डुलकीत तो गुलाबी बोगदा दिसतो. वळण आलं की स्वप्नातही मी थांबतो.