रिकाम्या मागाची खटखट

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. येवल्याच्या लहानू विणकराच्या घरी, खिडकीपाशी माझी जागा. त्याच्या वडिलांनी मला सुताराकडून करवून घेतले. माझ्यावर विणलेल्या पैठण्या नाशिकच्या दुकानात जात, आणि त्यांचे काठ पाहून बायका घासाघीस करायचे विसरत. मला त्याचा ताठा होता, खोटे कशाला बोलू? पुढे म्हातारे गेले. लहानूचा स्वतःचा माग माझ्या शेजारी चालू राहिला आणि माझ्यावर गोधड्या पडू लागल्या.

सत्तरचे दशक संपत आले होते. नाशिकचे दुकान रेशीम देई आणि लहानू घरी बसून विणी. दुकानात धोंडीरामसाहेब नवे मॅनेजर आले. आधी ते कापडगिरणीत होते. तिथे आवाज म्हणजेच काम. माणूस वाईट नव्हता, पण नजरेआड कुणी राबत असेल हे त्यांना पटत नसे.

एकदा ते न कळवता आले आणि ओट्यावर उभे राहून कान देऊ लागले. आत चिडीचूप. लहानू पदर विणत होता. मित्रांनो, पदरावरचा मोर आडवा धागा नेणारा धोटा फेकून होत नाही. रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या बोटांनी धाग्यांतून ओवाव्या लागतात. ते सगळ्यात अवघड काम, आणि त्याला आवाज नाही.

"लहानू, झोपा काढतोस का रे?" साहेब दारातूनच म्हणाले.

"पदर चालू हाय, साहेब."

"मला शिकवू नको. पुढच्या खेपेला आवाज आला नाही, तर रेशीम दुसऱ्या घरी जाईल."

ते आत न येताच परतीची एस.टी. गाठायला गेले. रेशीम गेले असते, तर या घरची चूल विझली असती.

दुसऱ्या दिवशी लहानूची बायको गोजराबाई हिने माझ्यावरच्या गोधड्या उचलल्या. साहेब रस्त्यावर दिसले, की ती धागे ठोकून बसवायची माझी फणी ओढून आपटू लागे. धागा नाही, कापड नाही, नुसती खटखट. "हां, आता कसं," म्हणत साहेब ओट्यावरूनच माघारी फिरत. इतक्या वर्षांनी माझे कौतुक होत होते आणि मला लाज वाटत होती.

तिचे खरे काम लहानूसाठी कांड्यांवर रेशीम भरण्याचे. पण साहेबांच्या येण्याचा नेम नसल्याने ती दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून बसे. कांड्यांवाचून लहानू अडे. शेवटी लग्नासाठी सांगितलेली पैठणी वेळेवर झालीच नाही.

त्या दिवशी साहेब तावातावाने प्रथमच घरात शिरले. घाबरलेली गोजराबाई फणी आपटतच राहिली. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग लहानूच्या बोटांतल्या कांड्या आणि अर्धा झालेला मोर पाहिला.

"बाई, हे कशासाठी?"

"तुमच्यासाठीच की. तुमाला आवाज लागतो ना."

साहेब खाली बसले. "चुकलं माझं," एवढेच म्हणाले. उशिराचा दोष त्यांनी दुकानात स्वतःवर घेतला. पुढे ते कळवून येऊ लागले, आत बसून चहा घेऊ लागले. तरीही ओट्यावर त्यांची चप्पल वाजली, की गोजराबाईचा हात माझ्या फणीकडे जाई.

"राहू द्या, बाई," साहेब मान खाली घालून म्हणत.

"सवय लागली, साहेब."

मित्रांनो, उद्या कुणी तुमच्यासाठी दूर बसून काम करील. त्याच्या दाराला कान लावू नका, आत जाऊन विचारा. मागाहून तुम्ही कितीही चांगले वागलात, तरी एकदा बसलेला धाक हातातून जात नाही. तो हात मी रोज पाहतो.