कुमाची हाक

मी ओब्रादची नाव बोलतेय. सावा नदीच्या सर्बियाकडच्या काठावर, त्याच्या अंगणात मी पालथी पडलेय. खाली कोंबड्या अंडी घालतात. माझ्या तळाला वीतभर भोक आहे.

माझं लाकूड ओब्रादने तोडलं. खिळे आणि डांबर तोशाने पलीकडून आणलं. पलीकडचा काठ ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा, पण तोशाही सर्बच. ओब्रादच्या मुलाला, मिलोरादला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरून नाव ठेवलं ते त्यानेच. अशा माणसाला आम्ही कुम म्हणतो. सख्ख्या भावाशी एक वेळ वाकडं चालेल, कुमाशी नाही. त्याने पैलतीरावरून हाक मारली की हातातला घास टाकून नाव सोडायची. का, कशाला, विचारायचं नाही.

१९१४च्या जूनमध्ये साराजेव्होत एका सर्ब पोराने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली. जुलैत सर्बियाला सम्राटाचं धमकीपत्र आलं. त्या दिवशी दोघं माझ्यातच बसून प्लमची दारू पीत होते.

"आमच्या पाठीशी रशियाचा झार आहे," ओब्राद म्हणाला.

"आमच्या म्हाताऱ्या सम्राटामागे जर्मनीचा कैसर उभा आहे. तुझ्या झारामागे फ्रान्स."

"मग झालं तर! एवढे पाठीराखे असताना लढायची हिंमत कोण करतोय?"

"किंवा मग सगळेच लढतील, गाढवा," तोशा म्हणाला. दोघं पोट धरून हसले.

सगळेच लढले. सम्राटाने युद्ध पुकारलं, झाराने फौज उठवली, झारावर कैसर धावला, मग फ्रान्स, मग इंग्लंड. आठवड्याभरात! दिलेला शब्द पाळायची एवढी घाई मी जन्मात पाहिली नव्हती.

तोशाला सम्राटाच्या फौजेत ओढलं. इकडे आमच्या लष्कराने काठावरच्या सगळ्या नावा बुडवायला सांगितल्या. ओब्रादने मला लव्हाळ्यात लपवलं.

"अहो, कशाला विषाची परीक्षा?" त्याची बायको स्तानिका म्हणाली.

"तोशा पळून आला तर? पोहता कुठे येतंय त्याला!"

ऑगस्टातल्या एका पहाटे धुक्यातून हाक आली, "कुम! ओब्राद!"

"जाऊ नका हो," स्तानिकाने त्याची बाही धरली.

"कुमाला नाही म्हणू?"

पलीकडे तोशा गणवेशात उभा होता. मागच्या झुडपांतून सैनिक उठले. अधिकाऱ्याचं पिस्तूल कमरेलाच होतं, तोशावर रोखलेलं नव्हतं, हे मी पाहिलंय.

"मी सम्राटाला शपथेवर शब्द दिलाय, ओब्राद," तोशा खाली बघत म्हणाला.

"आणि मला नव्हता दिलास?"

ओब्रादचे हात बांधून त्याला काठावरच ठेवलं. वल्ही तोशाने घेतली, बारा सैनिक माझ्यात बसले. अर्ध्या नदीत असताना मागून गोळीचा आवाज आला. तोशाने मान वळवली नाही. त्याचंच डांबर माझ्या अंगाला होतं. त्याला वाहून नेताना मला किळस आली.

थोड्याच दिवसांत ती फौज मार खाऊन पळाली. स्तानिकाने मला अंगणात ओढलं आणि तळात कुऱ्हाड घातली.

आता सम्राट नाही, झार नाही, सरहद्दही नाही. तोशा मात्र आहे. म्हातारा झालाय. दर रविवारी पैलतीरावर उभा राहतो आणि हाक मारतो, "कुम!" स्तानिका दाराशी येते, माझ्या भोकाकडे बघते आणि आत जाते.

मिलोराद आता कर्ता झालाय. काल डांबराचा डबा घेऊन आला. बाळा, हात जोडते, ते भोक बुजवू नकोस. कुमाच्या हाकेला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. ते बुजलं, तर मला जावं लागेल.