झेलीच्या पातेल्याचा कोंबडा

मी एक जुना तांब्याचा कोंबडा आहे, मित्रांनो. मी आरवत नाही, दाणे टिपत नाही, आणि माझा रस्सा करायला गेलात तर तुमचेच दात पडतील. ब्रेसिनी गावाच्या चर्चच्या टोकावर उभं राहून वारा कुठून येतोय ते दाखवायचं, एवढंच माझं काम. ते मी किती वर्षं केलं? कोणी पन्नास म्हणतं, कोणी साठ. मी स्वतः दोनशे सांगतो. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

कोंबडा व्हायच्या आधी मी पातेलं होतो. जॅम आटवायचं, पसरट, जाड बुडाचं पातेलं. मालकिणीचं नाव झेली. गावापासून लांब, जंगलात ओकच्या झाडांमध्ये तिचं घर. नवरा अर्मेल लाकडाचे बूट कोरायचा आणि ही आलुबुखारांचा जॅम करून बाजारात विकायची. पातेलं तिच्या आईचं, त्याआधी आजीचं. ढवळून झालं की डाव काठावर ठण्णकन आपटायची तिघींनाही खोड, त्यामुळे काठाला एका जागी चेप आली होती. ती चेप लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

मग युद्ध आलं. अर्मेलला पकडून जर्मनीत नेलं. इकडे शिपाई घरोघरी तांबं गोळा करत फिरायला लागले. झेलीने काय केलं, मला गोठ्यात ठेवलं, आत गवत घातलं, अंडी घातली आणि वर हंसीण बसवली. एक शिपाई वाकून बघायला गेला, तर हंसिणीने त्याचं नाक धरलं ते सोडेचना. तसाच तो हंसीण लोंबकळत पॅरिसपर्यंत पळाला. बरं, पॅरिसपर्यंत नसेल. पण चर्चच्या चौकापर्यंत तरी नक्कीच.

त्याच दिवसांत झेलीने नवस केला, अर्मेल जिवंत परत आला तर पातेलं चर्चला.

अर्मेल परत आला. पार काडी होऊन, पण आला. आणि योग असा, की चर्चवरचा आधीचा कोंबडा वादळात उडून थेट पाद्रीबाबांच्या सूपमध्ये पडला होता. झेलीने मला हातगाडीवर घातलं आणि चर्चच्या दारात नेऊन उभं केलं.

"अगं, मग तू जॅम कशात करशील?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"लोखंडी कढईत. करपला तर अर्मेल खाईल. परत आलाय ना, खाऊ दे मुकाट्याने."

"बघ हं. नंतर मागशील."

"मागायची नाही. फक्त याचा कोंबडा झाला की वर चढवायच्या आधी माझ्या दारात आणा. एकदा हात लावीन, मग तुमचा."

"त्यात काय मागायचं? ती तर रीतच आहे!"

रीत होती खरी. आमच्या भागात नवा कोंबडा वर चढवायच्या आधी घरोघरी मिरवतात. प्रत्येक घर त्याच्या गळ्यात एक रिबीन बांधतं, त्याला हात लावतं आणि मिरवणाऱ्यांना सफरचंदाच्या दारूचा पेला देतं. एकदा वर गेला की तो काही कोणाच्या हाती लागत नाही, म्हणून. रीत चांगलीच आहे. घोटाळा आहे तो त्या पेल्यात.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. बुडातून पोट निघालं, काठातून शेपूट. काठाची ती चेप त्याला काही केल्या सरळ करता आली नाही, ती शेपटीत राहिली. आणि जॅमचा वास गेला नाही तो नाहीच. पहिली दहा वर्षं माझ्यामागे गांधीलमाशा फिरत होत्या. एकदा तर त्यांनी मला उचलून शेजारच्या गावात नेलं होतं. पण ते गाव बघून मीच परत आलो.

असो. मिरवणुकीचा दिवस उजाडला. छपराची कामं करणारा बाझील आणि त्याचा मेहुणा ओनोरे मला खांद्यावर घेऊन निघाले. आधी चर्चमध्ये नेलं, पाणी शिंपडलं. मित्रांनो, सगळं आयुष्य मी चर्चच्या डोक्यावर उभा राहिलो, पण आतून ते तेवढं एकदाच पाहिलं. गार होतं. मेणबत्त्यांचा वास होता. एका खांबावर कोणीतरी डुकराचं तोंड कोरलंय, ते हुबेहूब ओनोरेसारखं दिसतं.

मग घरं सुरू झाली. बेकरीवाला, लोहार, शाळेच्या बाई. प्रत्येक ठिकाणी रिबीन, प्रत्येक ठिकाणी पेला. शेवटच्या घरापर्यंत माझा गळा रंगीबेरंगी झाला आणि या दोघांच्या चाली वाकड्या झाल्या.

"आता झेलीकडे," बाझील म्हणाला.

"आता गढीवर," ओनोरे म्हणाला. "बाईसाहेब वाट बघत असतील. आणि गढीवर नुसता पेला नसतो, दाजी. भाजलेलं बदक असतं."

"झेलीला शब्द दिलाय रे."

"झेली कुठे पळून जातेय? जंगलातच आहे. बदक मात्र गार होईल."

बदकापुढे बाझीलचं काही चालेना.

गढी मोठी. चार बुरूज, खंदकात बेडूक, आणि बाईसाहेबांच्या मांडीवर उशीएवढं कुत्रं. बाईसाहेबांनी मला रेशमी रिबीन बांधली, चष्म्यातून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा आमच्याच तांब्याचा असणार. गावात एवढं चांगलं तांबं कोणाकडे आहे?"

बाझीलच्या तोंडात बदक होतं. तो मान हलवत राहिला. बदकानंतर चीज आलं, चीजनंतर जुनी ब्रँडी. दोघे बाहेर पडले तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. जंगलाच्या वाटेला लागले खरे, पण वाटेत चर आला. ओनोरे म्हणाला, "जरा टेकू." दोघे टेकले ते टेकलेच. मी त्यांच्या छातीवर, रिबिनी पसरून.

सकाळी चर्चच्या घंटा वाजल्या. गावच्या संताचा सण होता, आणि मासच्या, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेच्या आधी कोंबडा वर हवा होता. दोघे डोकं धरून उठले आणि मला घेऊन धावत सुटले ते थेट मनोऱ्यावर. जंगल मागेच राहिलं.

झेली आदला सगळा दिवस इस्त्रीचा एप्रन घालून, हातात निळी रिबीन घेऊन दारात उभी होती. टेबलावर आलुबुखाराचा केक होता. हे मला पुढे अर्मेलकडून कळलं. तो केक शेवटी त्यानेच संपवला म्हणे, आणि संपवताना एक शब्दही बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

मासला ती आली तेव्हा मी वर चमकत होतो. सगळे माना वर करून टाळ्या वाजवत होते. ती बाझीलपुढे जाऊन उभी राहिली.

"बदक कसं होतं?"

"झेली, अगं, उद्याच उतरवून आणतो."

"शिडी काढलीस की."

"परत लावतो."

"लावशील हो. तोवर मी दारातच आहे."

शिडी काही लागली नाही. त्यानंतर झेली चर्चला यायची, पण वर कधी बघायची नाही. मी वरून तिचा स्कार्फ बघायचो. तोही पुढे पुढे तिच्या केसांसारखाच पांढरा दिसायला लागला.

मी काम केलं. पश्चिमेचा वारा आला की पाऊस, हे सगळ्यांना सांगितलं. शिकारीच्या दिवसांत गढीवरच्या एका पाहुण्याने मला रानकोंबडा समजून गोळी घातली. पोटाला आरपार भोक पडलं, आणि वाऱ्यात मी शिट्टी वाजवायला लागलो. ती ऐकून अख्ख्या तालुक्यातले कुत्रे आमच्या चौकात जमायचे आणि आपापल्या गावच्या बातम्या सांगायचे. हळूहळू मोटारी येऊ लागल्या. लोक नकाशा घेऊन उतरायचे, गढी तासभर बघायचे, चर्च मिनिटभर, आणि जंगल मोटारीच्या काचेतून. माझ्याकडे बघितलंच तर एवढ्यासाठी, की फोटोत आभाळ जरा रिकामं वाटतंय.

अर्मेल गेला. बाझील गेला. ओनोरे गेला तेव्हा खांबावरच्या डुकरानेसुद्धा तोंड पाडलं.

मग एका हिवाळ्यात फार मोठं वादळ आलं. जंगलातली निम्मी झाडं आडवी झाली आणि मनोरा हलला. दुरुस्तीला आली बाझीलची नात, सोलीन. आजोबांचाच धंदा करते. तिने मला उतरवलं, बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाली, "हा आता कागद झालाय. नवा लागेल."

नवा आला. यंत्रावर कापलेला, चकचकीत. मला सरपंच फिर्मेंनी गढीला देऊन टाकलं. गढीवर आता बाईसाहेबांचे पुतणे, गास्पारसाहेब, तिकीट लावून लोकांना खोल्या दाखवतात. त्यांनी मला दिवाणखान्यात ठेवलं आणि खाली पाटी लावली, 'तांब्याचा कोंबडा, आमच्या घराण्याची देणगी'.

नव्याची मिरवणूक ठरली. तेवढ्यात बेकरीवाली पाव पोचवून जंगलातून परत आली ती निरोप घेऊनच.

"झेलीआजी म्हणते, सोलीनला सांग, मी अजून दारातच आहे."

आता झेली नव्वदीच्या पुढची. डोळे पूर्ण गेलेले. सोलीनला आजोबांची गोष्ट माहीत होती. तिने सरपंचांकडे पाहिलं.

"जुना गढीवर गेलाय," फिर्में म्हणाले. "आता कुठे मागत बसतेस? म्हातारीला दिसत नाही. नवाच हातात दे."

"तिला फसवायचं?"

"खूश करायचं, बाई. फरक आहे."

हे आणि पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. नव्या कोंबड्याने मला सगळं सांगितलं, आणि त्याला अजून थापा मारता येत नाहीत.

सोलीन आणि फिर्में त्याला घेऊन आधी जंगलात गेले. झेली खुर्चीत बसली होती, पुढ्यात आलुबुखारांची टोपली. सोलीनने कोंबडा तिच्या मांडीवर ठेवला. "आजी, आणला बघ तुझा कोंबडा."

झेलीने त्याच्यावरून हात फिरवला. मग टेबलावरचा डाव चाचपडून घेतला आणि त्याच्या पाठीत हाणला. टप.

"हे काय आहे?"

"कोंबडा, आजी."

"हा पत्र्याचा डबा आहे. सोलीन, तुझा आजोबा निदान आलाच नाही. तू येऊन खोटं बोलतेस?"

फिर्में खोकले. "आजी, वारा-पावसाने आवाज बदलतो."

"तुझापण बदललाय, फिर्में. लहानपणी माझ्या झाडावरचे आलुबुखार चोरताना फार गोड होता."

सोलीनने नवा उचलला, गाडीत टाकला आणि तडक गढीवर आली. मी दिवाणखान्यात होतो. चार पाहुणे पाटी वाचत होते.

"हा कोंबडा घेऊन चालले," ती म्हणाली.

"अहो, असं कसं? आत्ताच तर पाटी लावलीय!" गास्पारसाहेब म्हणाले.

"पाटी राहू द्या. ती बघा तोवर."

तिने मला काखेत मारलं आणि निघाली. ते मागे धावले. खंदकाच्या पुलावर त्यांचा बूट निसटून पाण्यात पडला. तो बेडकांनी रांग करून परत आणून दिला म्हणतात. मी तोवर गाडीत होतो, खात्री देत नाही.

जंगलातलं घर मला आठवत होतं तसंच होतं, फक्त भोवतालची झाडं कमी झाली होती. सोलीनने मला झेलीच्या मांडीवर ठेवलं. झेलीने डाव उचलला आणि हाणला. ठण्ण वाजलं. पण भोकामुळे घोगरं.

"आवाज बसलाय तुझा," ती म्हणाली.

मग तिची बोटं पोटावरून शेपटीकडे गेली, काठाकाठाने सरकली आणि चेपेपाशी थांबली. अंगठा त्यात बरोबर बसला. बराच वेळ तिने तो काढला नाही. फिर्में टोपी काढून उभे होते. सोलीन छपराकडे बघत होती, जणू त्याची दुरुस्ती करायचीय.

"वाळलास," झेली म्हणाली. "वर खायला देत नाहीत वाटतं."

"आजी, रिबीन बांधायचीय ना?" सोलीनने विचारलं.

"ती कधीच संपली. बरण्यांना बांधली. मी काय तुमच्यासाठी ठेवून देणार होते?"

तिने एप्रनची नाडी ओढून काढली आणि माझ्या गळ्यात बांधली. गाठ घट्ट मारली.

"आता याला इथेच ठेव, आजी. तुझाच आहे," सोलीन म्हणाली. "गास्पारसाहेबांना मी सांगते."

"इथे कशाला? नवस फेडलेली वस्तू परत घेतात का? हात लावीन म्हटलं होतं, लावला. झालं. घेऊन जा. आणि तू, फिर्में, दारात उभा राहून उजेड अडवू नकोस."

"तुला उजेड कशाला लागतो, आजी?"

"आलुबुखारांना लागतो. जा."

आणि ती टोपलीतले आलुबुखार निवडायला लागली.

मी आता गढीवरच असतो. पाटी तशीच आहे, घराण्याची देणगी वगैरे. पण गळ्यात एप्रनची मळकी नाडी आहे, आणि ती सोडायला गास्पारसाहेबांना सोलीन परवानगी देत नाही. गढीचं छप्पर गळतं आणि ते तीच बघते, त्यामुळे ते ऐकतात. पाहुणे विचारतात, ही नाडी कसली? साहेब सांगतात, जुनी प्रथा. म्हणजे थापा फक्त मीच मारतो असं नाही.

तर मित्रांनो, तुम्ही कधी आमच्या बाजूला आलात, गढी, चर्च, जंगल बघायला, तर जंगलापासून सुरुवात करा. नव्या कोंबड्याला त्या दिवशी सोलीनने जंगलातूनच मिरवत गावात नेलं, आणि ब्रेसिनीत आता तीच रीत आहे. तुम्हालाही कधी घरोघरी काही पोचवायचं असेल, अगदी लग्नाचे लाडू का असेनात, तर सगळ्यात लांबचं घर आधी घ्या. जवळच्यांना उशीर झाला तर ते हाक मारतात. लांबचं माणूस नुसतं दारात उभं राहतं.

आणि वाटेत बदक असेल, तर ते येताना खा.