परीक्षेचा केक

मला अंडं आवडतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. उकडलेलं, तळलेलं, अर्धकच्चं, कसंही. आणि गेली चार वर्षं आमच्या घरात अंडं येत नाही. शेंगदाणाही येत नाही, पण त्याचं मला एवढं दुःख नाही.

कारण बटण. बटण म्हणजे माझी नात. माझा सगळा जन्म गणवेश शिवण्याच्या कारखान्यात गेला, त्यामुळे तिचं एवढंसं गोल तोंड पाहिलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. आता तिला खऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही.

ती नुकती बसायला लागली होती तेव्हा सूनबाईने तिला उकडलेल्या अंड्याचा पहिला घास भरवला. स्वतःच्या हाताने, मोठ्या कौतुकाने. मी समोरच होते. घास पोटात जातोय न जातोय तोच पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वासाची शिट्टी वाजायला लागली. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पोरगी रडली, आणि ते रडणं ऐकून आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसलो. एवढ्याशा घासाने असं होऊ शकतं हे मला माझ्या वयात पहिल्यांदा कळलं. पुढे तपासणीत शेंगदाणाही तिला चालत नाही असं निघालं.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर सूनबाईने ताब्यात घेतलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी तिथे राज्य केलेलं. तिने माझे लाकडी चमचे टाकून दिले, माझी जुनी कढई भंगारात काढली. का, तर त्यांच्या चिरांमध्ये काय काय मुरलंय कुणास ठाऊक. मी म्हटलं, "पोरीचं वेगळं शिजव की. आम्हाला का उपाशी मारतेस?" ती म्हणाली, "नाही आई. ती खाईल तेच सगळे खातील. तिने दुसऱ्याच्या ताटाकडे बघत जेवायचं नाही." आवाज चढवला नाही, पण विषय संपला.

मग तिचं काम मी बसून बघायला लागले. दुसरं करणार काय? दुकानातून आलेलं प्रत्येक पाकीट ती खिडकीशी नेऊन वाचायची. मागच्या आठवड्यात आणलेलाच बिस्किटाचा पुडा, तरी पुन्हा वाचायची, कारण कंपन्या न सांगता काहीही बदलतात. लग्नाआधी माझ्या मुलाचीही तिने एवढी चौकशी केली नव्हती. आधी ओटा पुसायचा, मग हात धुवायचे, मग बटणचं ताट वाढायचं, मग आमचं. भाज्यांच्या टिक्क्या अंड्याशिवाय फुटतात म्हणून बरेच दिवस त्यांचा चिवडा खाल्ला आम्ही, पण शेवटी बटाटा किती आणि पाव किती ते तिला सापडलंच. आणि केक! जवसाची पूड पाण्यात भिजवली की थोड्या वेळाने अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. ती घालून तिचा केक असा फुगायचा की बघत राहावं. दर सुट्टीला एक केक. भिजवलेल्या पुडीची वाटी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, ठरलेली. तिकडे न बघता तिचा हात वाटीवर जायचा.

मी मधून मधून "पाय मोकळे करायला" म्हणून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात ऑम्लेट हाणायचे. परत आले की दाराशी साबण, तांब्याभर पाणी आणि स्वच्छ टॉवेल तयार असायचा. सूनबाई एका शब्दाने विचारायची नाही. मीही चूळ भरून, कपडे बदलून मगच नातीला जवळ घ्यायचे.

या वर्षी डॉक्टरीणबाईंनी बटणचं रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अंड्याची ॲलर्जी ओसरतेय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "केकमध्ये खरपूस भाजलेलं अंडं बहुतेक चालेल तिला. पण बहुतेकवर मी पोर सोडणार नाही. इथे, माझ्यासमोर खाऊ घालून बघायचं. केक तुम्ही घरून करून आणा, दोन अंडी घालून. पास झाली तर मग घरीही द्यायचा, नियमाने. आणि कुणाच्या वाढदिवसाला चुकून एखादा तुकडा पोटात गेला तर जिवावर बेतणार नाही."

जिवावर बेतणार नाही. घरी येईपर्यंत सूनबाई ते वाक्य मनात घोळवत होती, हे मला तिच्या चालण्यावरून कळत होतं.

अंडी मी आणली. तो मान मी कुणाला देणार होते? आदल्या दिवशी संध्याकाळी सूनबाईने मला आणि बटणला बागेत पिटाळलं. आम्ही परतलो तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, घरभर साबणाचा वास होता आणि डब्यात केक तयार होता. सूनबाईचे हात घासून घासून लाल झाले होते. "झालं?" मी विचारलं. "झालं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर रंग नव्हता.

दवाखान्यात आम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली. माझा मुलगा कामासाठी परगावी असतो, तो फोनच्या पलीकडे जीव मुठीत धरून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी आधी केकचा एक कण बटणच्या ओठाला लावला. वाट पाहिली. मग कणभर तोंडात. पुन्हा वाट. मग चिमूटभर, मग घासभर. दरवेळी नर्सबाई तिचं पोट, पाठ, जीभ बघायच्या आणि छातीला नळी लावायच्या. उशाशी इंजेक्शन तयार. बटण आपली बाहुलीला खोटं खोटं इंजेक्शन देत होती. मी तर माझे श्वासही मोजून घेत होते.

काही झालं नाही. एक गांधसुद्धा नाही. शेवटचा तुकडा खाऊन बराच वेळ गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. "पास!"

सूनबाई रडायला लागली. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती फोनवर नवऱ्याला "पास झाली, अहो पास झाली" एवढंच सांगत होती. नर्सबाईंचेही डोळे पाणावले. आणि मी? माझं लक्ष डब्याकडे. अंड्याचा केक, घरचा, इतक्या वर्षांनी! चांगला मोठा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

चावता चावता थांबले. पुन्हा एक तुकडा घेतला, सावकाश, जिभेवर घोळवून. माझी जीभ बाकी कशातही फसेल, अंड्यात नाही. हा दर सुट्टीचा केक होता. तोच मऊपणा, तीच मागे रेंगाळणारी जवसाची किंचित कडवट चव. अंड्याचा मागमूस नव्हता.

समोर सूनबाई हसत होती, रडत होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. निदान आजचा दिवस तरी तिला मिळू दे. पण उद्या घरी ती खरा अंड्याचा केक करेल, किंवा बेकरीतून आणेल, आणि पास झालेल्या पोरीला निर्धास्त भरवेल. तेव्हा ना डॉक्टरीणबाई समोर असणार, ना नर्स.

"अगं," मी म्हटलं, "फोन ठेव. यात अंडं नाहीये."

"काहीतरीच काय आई! मी स्वतः फोडलीत. दोन्ही."

"फोडलीस. पण घातलीस का?"

मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "फोडली," ती हळूहळू आठवत म्हणाली, "वाडग्यात. वाडगा वरच्या फळीवर ठेवला, झाकून. मग हात धुतले, ओटा धुतला... मग..." आणि ती थांबली. मग काय झालं ते आम्हा दोघींनाही दिसलं. मग तिने सवयीनेच जवसाची पूड भिजवली होती आणि तिचा हात उजव्या कोपऱ्यात गेला होता.

पलीकडून मुलगा "हॅलो, हॅलो" करत होता. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मी हेच करतेय," त्या म्हणाल्या, "पण ही चूक पहिल्यांदा बघितली." त्या रागावल्या नाहीत. दुसरी तारीख दिली आणि निघताना सूनबाईच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा वाडगा काढला. झाकण उचललं. दोन्ही बलक जसेच्या तसे, माझ्याकडे बघत. एरवी मी चांगली आगपाखड केली असती. एक अख्खा दिवस वाया, पोरीला उगाच ताटकळत ठेवलं, तिच्या नवऱ्याला खोटा आनंद. पण त्या वाडग्यासमोर राग आलाच नाही. अख्खं आयुष्य कॉलर शिवणारी बाई मी, हात आपल्या मनाने चालतात हे मला कुणी शिकवायला नको. तरी हे वेगळं होतं. डोक्याने ठरवलं, डॉक्टरांनी सांगितलं, तिची स्वतःची सगळ्यात मोठी इच्छा हीच, आणि तिच्या हातांनी कुणाचंच ऐकलं नाही. ज्या हातांनी एकदा तो घास भरवला होता, त्यांनी तिला कळूही न देता दुसऱ्यांदा भरवायचं नाकारलं. मी त्या मुलीला सून म्हणून हाका मारत होते आणि तिच्या मनात काय चाललंय हे मला चार वर्षं कळलं नव्हतं.

"आई," मागून ती म्हणाली, "या वेळी तुम्ही करा. माझ्याकडून नाही व्हायचं."

"त्यात काय मोठं," मी म्हटलं. बोलून तर गेले.

ठरल्या दिवशी बटणला शेजारी खेळायला पाठवलं आणि मी अंडं हातात घेतलं. आयुष्यात हजारो फोडली असतील. वाडग्याच्या कडेवर आपटणार, तर हात हवेतच थांबला. हे माझ्या बटणच्या पोटात जाणार. तेच ओठ, तीच शिट्टी. साधं अंडं ते, पण मला ते पेलवेना. शेजारी सूनबाई उभी होती, तिने माझ्या मनगटाखाली हात धरला. "फोडा आई," ती म्हणाली. "मी आहे." दोघींनी मिळून दोन अंडी फोडली, आणि ती पिठात पडेपर्यंत कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

"आजी, या वेळी खात्री?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"निम्मा मीच संपवलाय," मी म्हटलं. "खात्रीसाठीच."

पुन्हा तीच खाट, तेच इंजेक्शन उशाशी. कण झाला, चिमूट झाली. काही नाही. मग पहिला खरा घास. डॉक्टरीणबाईंनी तो सूनबाईच्या हातात दिला. सूनबाईने हात पुढे केला, तुकडा पोरीच्या तोंडाशी नेला. बटणने आ केला, दात लावले, आणि तुकडा निघेना. सूनबाईची बोटं त्याला घट्ट धरून होती. तिला सोडायचा होता, तिच्या डोळ्यांत दिसत होतं ते. बोटं सोडत नव्हती.

"आई, सोड ना," बटण भरल्या तोंडाने म्हणाली. मग तिने आपल्या चिमुकल्या हातांनी आईचं एकेक बोट उलगडलं, तुकडा काढून घेतला आणि खाल्ला.

डॉक्टरीणबाईंनी वाट बघून पुढचा तुकडा तिच्याच हातात दिला.

त्यानंतरचे घास तिने स्वतःच घेतले. शेवटचा खाल्ल्यावर ती आईच्या मांडीवर आडवी झाली आणि डोळे मिटले. नर्सबाई धावत आल्या, नळी लावली, नाडी बघितली, पापण्या उचलून पाहिल्या. मग हसल्या. "झोपलीय हो."

झोपली होती. पोटात अंडं, आणि पोरगी चक्क घोरत होती. छाती वर जात होती, खाली येत होती, काही वाजत नव्हतं. किती साधी गोष्ट, श्वास घेणं! पण त्या दुपारी मला त्याच्याहून मोठं काही दिसलं नाही. सूनबाईने तिच्या पाठीवर तळवा ठेवला होता, तो तिने हलवला नाही.

"झालं," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "या वेळी खरोखर पास. घरी गेलात तरी चालेल."

"तिला उठू दे," सूनबाई म्हणाली. ती रडली नाही, फोनही केला नाही. तो मीच केला, बाहेर जाऊन, आणि मुलाला आधी शपथ घेऊन सांगावं लागलं, तेव्हा कुठे त्याला पटलं.

उन्हं कलल्यावर बटणने डोळे उघडले. आळस दिला. "भूक लागली," ती म्हणाली.

सूनबाई हसली. तिने पोरीचे केस मागे सारले आणि विचारलं, "काय खाशील?"

मी चमकले. हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता. बटणला काय चालेल एवढंच आम्ही एवढी वर्षं बघत आलो. तिला काय हवंय ते विचारायची सोयच नव्हती. बटणलाही तो प्रश्न नवा होता. ती आईकडे बघत राहिली, कपाळाला आठी घालून, एवढं साधंही हिला कसं कळत नाही अशा चेहऱ्याने.

"तू देशील ते," ती म्हणाली.