लोटन ओरडला नाही

धुळ्यात पांझरा नदीच्या कोरड्या वाळूत दर उन्हाळ्यात सिनेमाचा तंबू लागायचा आणि त्यात दर उन्हाळ्यात एकच चित्र लागायचं: 'काळा हौद'. सिनेमे अजून बोलायला लागले नव्हते, त्यामुळे ते काम प्रेक्षक करत. नायक तोंड धुवायला हौदावर वाकतो आणि पाण्यातून मोकळ्या केसांची बाई वर येऊन त्याची मान धरते, हे गावाला पाठ होतं. पोरं आधीच सांगत, "आते येई बरं का!" ती यायची, आणि तंबू असा ओरडायचा की पलीकडे देवपुरात म्हशी दावं तोडत. मग माणसं समाधानानं घाम पुसत. चित्र जुनं झालं होतं, भीती झाली नव्हती.

गेल्या वर्षी गावातला तरणा लोटन सगळ्यांच्या नंतर ओरडला. एकटाच, आणि बोकडासारखा. पडद्यामागून हसू आलं. पुढे पुरुष आणि पडद्यामागे बायका बसत. चित्र आरपार दिसावं म्हणून पडद्यावर बादलीनं पाणी मारत. बायकांना अक्षरं उलटी दिसत, पण वाचता दोन्ही बाजूंना येत नसल्यामुळे कुणावर अन्याय होत नसे.

हसणारी होती देवपूरच्या रुपचंद आबांची सुगंधा. यंदा तिच्याशीच लोटनचं जमत आलं होतं आणि लोटनला ती फार आवडली होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आबांचा निरोप आला: पोराला तंबूतच पाहू, पोरगीही पडद्यामागं असेल.

म्हणजे यंदा ओरडायचं नाही. लोटननं कंबर कसली. त्याची वहिनी भिकुबाई त्याला रोज घाबरवू लागली: कपाशीच्या ढिगामागून, कणगीतून, आणि एकदा तर चुलीपाशी दिवसभर काहीच न बोलता बसून. लोटन असा तयार झाला की गोठ्यात खरा साप निघाला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, पुरे आता."

खेळाला आबा त्याला खेटून बसले. नायक वाकला. बाई वर आली. तंबू फाटेल असा कल्लोळ झाला, आबा उडी मारून लोटनच्या मांडीवर बसले. लोटननं पापणीही हलवली नाही.

आबांनी मांडीवरूनच त्याचं तोंड निरखलं आणि पोराला दिसतच नसावं असं ठरवलं. "हाऊ वरडना नही! याना डोयामा खोट शे."

"आबा, माले बठ्ठं दिसस."

"काय दिसनं?"

"बाई."

"कशी व्हती?"

लोटननं अदबीनं सांगितलं, "चांगली व्हती."

"चांगली?" आबा ताडकन उठले. "हौदवाली बाई याले चांगली दिसनी! आंधळाले पोर देऊ का मी?" हातातली सुपारी परत खिशात गेली. "पंडित! फिरीसन दखाड याले!"

यंत्रवाल्या पंडितला रीळ काढून पुन्हा लावण्याचा कंटाळा. त्यानं हातातला दांडा सरळ उलटा फिरवला.

नायकाच्या मानेवरची बोटं सुटली. बाई मागं मागं पाण्यात उतरू लागली. खांदे गेले, हनुवटी गेली, डोळे गेले. पसरलेले केस गोळा होऊन आत शिरले आणि पाणी झाकण लावल्यासारखं मिटलं. नायक कोरडा ठणठणीत होऊन उलट्या पावलांनी घरी निघाला.

तंबू चिडीचूप. कुठं ओरडायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. लोटननं तयारी केली होती ती बाई यायची, जायची नव्हे. तो ओरडला. बोकड बरा, असा ओरडला. त्याच क्षणी पडद्यामागूनही एक किंकाळी आली.

"दिसस! याले दिसस!" आबा आनंदानं नाचले.

मागून सुगंधाचा आवाज आला, "कोन वरडनं?"

सगळा तंबू लोटनकडे वळला. "मी... लोटन."

"माले बी भ्याव वाटनं. ती बाहेर येस ते ठीक शे. पन आत कोठे जास?"

लोटन ओल्या पडद्याला नाक लागेपर्यंत पुढे सरकला. "मी बी तोच इचार करी राह्यनू! खाले दार व्हई का?"

"दार ऱ्हातं ते मानूसनी मान कशाले धरती? तठूनच घर जाती ना!"

एवढं शहाणं बोलणं लोटननं जन्मात ऐकलं नव्हतं. आबांनी सुपारी दातांनी फोडली, कारण सिनेमाला अडकित्ता कुणी आणला नव्हता. पंडित ओरडला, "अरे, फिरवू कुठं? पुढं का मागं?"

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी एकदमच उत्तर आलं, "मांगे!"