चेअरमनला बी दोनच घागरी

आमच्या आष्टीकडच्या वस्तीवर सामाईक विहीर खणली, तवा सोसायटीचा चेअरमन सुंदरराव माइक धरून म्हणला, "हितं कुणी मोठा न्हाई, कुणी धाकला न्हाई. पाणी समद्यांचं!" आमी धनगरांनी टाळ्या वाजविल्या. खुळेच आमी!

दुष्काळ पडला आन् ह्याच बाबानं विहिरीला खेटून सोताच्या रानात बोअर घेतला. रात्रंदिस मोटार चालू. त्याची मोसंबीची बाग हिरवीगार, आमची विहीर कोरडी ठाक. जाब इचारला तर म्हणतो कसा, "माझं रान, माझा पैसा, माझं पाणी. नड आसंल तर टँकर घ्या इकत." माझी निम्मी मेंढरं तहानेनं तडफडून मेली. तवाच ठरविलं, ह्याला सोडायचा न्हाई.

ऐन उन्हाळ्यात त्याचा बोअर आटला. आमी बाया-बाप्ये विहिरीत उतरलो, हातानं खडक फोडला, तवा कुठं बारीकसा झरा लागला. बैठक बसली. नियम मीच मांडला. घरटी दोन घागरी, ज्याच्या त्यानं सोता शेंदायच्या, आन् पाणी इकायचं न्हाई. समद्यांनी माना डोलविल्या.

मग आला की सुंदरराव, नोटांचं बंडल घेऊन! "साखराबाई, टँकरभर पाणी द्या. बाग जळाली माझी."

माझा नवरा धुळाजी लगीच पाघळला. कानाशी लागला, "घे की. कोकरांना चारा यील."

"गप बसा तुमी!" मी वरडले. "चेअरमन, पाणी समद्यांचं हाय, तुमीच म्हणला व्हता. तुमी बी सभासद, तुमाला बी दोन घागरी. धरा दोर."

सारी वस्ती बघत उभी. पांढऱ्या कापडातल्या त्या माणसानं दोन घागरी शेंदल्या. तिसरीला हात घातला, तवा मी दोर हिसकून घेतला. माझ्या वाट्याची घागर शेंदली आन् त्याच्या डोळ्यांदेखत मेंढरांपुढं वतली.

बाग वाळत गेली. मी रोज बांधावर जाऊन बघायची. काळीज थंड व्हायचं.

चाऱ्यावाचून माझी दोन कोकरं बी गेली. धुळाजी म्हणला, पैसा घेतला असता तर जगली असती. जगली असती, खरं हाय. त्यांना पुरलं आन् तसल्याच मातीच्या हातानं बांधावर गेले. सुंदरराव वाळली झाडं तोडीत रडत व्हता. पोटभर बघितलं.